गाव द्या, मास्तर

७ एप्रिल, सोमवार

पोहोचलो, आणि तेही सर्व अवयवांसह. किनाऱ्यावरच्या तांगाहून निघालेल्या बसने घाटात जागोजागी मान टाकली. शेवटी ड्रायव्हरनेही टाकली. तरी माझ्या पत्र्याच्या पेटीला साधा पोचा आला नाही. किशेवा म्हणजे डोंगराच्या खांद्यावर ठेवलेली थोडी घरं, त्यांत सगळ्यांत वरचं हे. मागे सरळ वर गेलेला डोंगर, पुढे सरळ खाली गेलेली दरी, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत घर, केळी, आलुबुखाराची चार झाडं आणि आता मी.

वर्तमानपत्र बंद पडलं, वार्ताहर अजून चालू आहे. त्याला खायला लागतं. पन्नाशी उलटल्यावर मुलं सांभाळायची नोकरी धरली म्हणून झुहुरा फोनवर पोट धरून हसली. माझी एकुलती लेक. पांगानीत असते, नवरा मासेमारीच्या होडीवर, पदरात नुकतं जन्मलेलं बाळ. म्हणाली, बाबा, मला सांभाळायचात तेव्हा वेणी उलटी घालायचात, आता परक्यांच्या पोरांचं काय करणार? मी म्हटलं, परक्यांच्या पोरांना वेण्या नसाव्यात एवढीच प्रार्थना. ती फळली. तिघांचीही डोकी शाळेच्या नियमाने भादरलेली आहेत.

थोरली होझा, अकरा वर्षांची, समोरच्या दातांत फट आणि नजरेत परीक्षक. मधला सेचोंगे, नऊ वर्षांचा, हा प्रत्येक गोष्टीचा तळ पाहण्यासाठी ती उलटी करतो. आल्या आल्या माझी टोपी झाली. धाकटी तुनू पाच वर्षांची. तिने माझं बोट धरलं ते जेवणापर्यंत सोडलं नाही. आईबाप हयात नाहीत. कसे गेले हे मी विचारलं नाही. पहिल्या भेटीत एवढी सभ्यता पाळावी.

घर चालवतात त्यांच्या आत्या, बी सिकुधानी; बी म्हणजे आमच्याकडे बाई. उंच, नीटनेटक्या, गळ्यात चष्मा. माझं काम त्यांनी एका दमात सांगितलं. उन्हात पोरं आपापली हुंदडतात, तेव्हा मास्तर, तुम्ही खुशाल झोपा. पाऊस लागला की ती घरात अडकतात, तेव्हा त्यांना रमवायचं. अभ्यास नाही झाला तरी चालेल, शिस्त नाही लागली तरी चालेल. पोरं कंटाळली नाही पाहिजेत. हे शेवटचं वाक्य त्यांनी पुन्हा म्हटलं, चष्मा लावून.

संध्याकाळच्या चहाला मी पांगानीचं वर्णन करून मुलांना मोहून टाकलं. नदीचं रुंद मुख, पलीकडे नेणारी फेरीबोट, नारळाच्या दुधातला भात, माझी लेक, तिचं बाळ. तिघंही खाणं विसरून ऐकत होती. इतके एकाग्र वाचक मला पंचवीस वर्षांत मिळाले नव्हते. तुनूने विचारलं, घर नदीच्या अगदी काठावर आहे का? मी म्हटलं, इतकं काठावर की भरतीला उंबरठा ओला होतो. स्वयंपाकघरात बी न्यांगेंच्या हातून झाकण पडलं.

बी न्यांगे या स्वयंपाकीणबाई. त्यांच्या हातचे माकांदे, म्हणजे मका आणि घेवडा एकत्र शिजवलेला, खाल्ले की किनाऱ्यावरचा माणूसही मासळीचा शोक आवरता घेतो.


८ एप्रिल, मंगळवार

लखलखीत ऊन. मुलं सकाळीच उतारावर पसार झाली. मला घर हिंडायला मोकळीक.

एक गंमत ध्यानात आली. या घरात भूगोल वर्ज्य आहे. अभ्यासाच्या खोलीत भिंतीवर फिकट चौकोन आहे, तिथे पूर्वी नकाशा असणार. साखरेच्या पोत्यावरचं, चहाच्या डब्यावरचं गावाचं नाव खरवडून काढलेलं. बी सिकुधानी दुपारी सामान घेऊन निघाल्या, तेव्हा मी सहज विचारलं, कुठे दौरा? म्हणाल्या, कामाला. मी म्हटलं, म्हणजे कुठे? तर म्हणाल्या, जिथे काम आहे तिथे, मास्तर. तुम्ही वार्ताहर होतात की पोलीस? पोरं फाटकावर बसून ऐकत होती. त्यांनी आत्याला हात हलवून निरोप दिला. आत्याने मागे वळून पाहिलं नाही.

बी न्यांगेंना त्यांचं गाव विचारलं तर त्यांनी आधी दाराबाहेर डोकावून पाहिलं, मग दार लोटलं, मग चुलीत तोंड घालून बोलल्यासारखं सांगितलं: क्वेमझिता. या डोंगराच्या पाठीमागे. आई आहे, मुलगा आहे, सून आहे, सुनेला दिवस गेलेत. आणि म्हणाल्या, पोरांसमोर नाव नका काढू. मला वाटलं, गावात काही भानगड असेल. माणसाला आपल्या गावाची लाज वाटू शकते. मला तांगाची कितीदा वाटली आहे.


१० एप्रिल, गुरुवार

पहाटेपासून धो धो. इथे एप्रिल म्हणजे ऐन पावसाळा. ढगांचा गडगडाट, म्हणजे शास्त्रानेच अनध्याय. वह्या उघडायचा प्रश्न मिटला. दिवस असा काळवंडलेला की दुपारी कंदील लावला.

माझी सगळी शस्त्रं बाहेर काढली. बाटल्यांच्या बुचांचा डाव मांडला: सेचोंगेने सगळी बुचं उलटी केली, डाव संपला. गळक्या छपराखाली घमेली ठेवून त्यांत कागदी होड्या सोडल्या: तुनूने प्रत्येक होडीत एकेक मुंगी बसवली आणि होडी बुडेपर्यंत टक लावून पाहत राहिली. फाटक्या पिशव्या सुतळीने गुंडाळून चेंडू केला; भिंतीवर हाताच्या सावल्यांचा हत्ती केला. होझाने जांभई दिली. साधी जांभई, पण बी न्यांगे माकांद्यांचं भांडं हातात घेऊन दारातच उभ्या राहिल्या.

होझा म्हणाली, कोडी घालू या.

आता कोडी हा माझा प्रांत. आमच्या किनाऱ्यावर आजीच्या मांडीवर बसून मी ती प्यायलेलो आहे. एकाने म्हणायचं कोडं, दुसऱ्याने म्हणायचं घाल. उत्तर आलं तर वाहवा, नाही आलं तर घालणारा म्हणतो, गाव द्या. मग हरलेल्याने एखादं गाव देऊन टाकायचं. घालणारा ते घेतो, तिथे जाऊन आल्याच्या थापा मारतो, आणि मग उत्तर सांगतो. लहानपणी आम्ही मोंबासा दिलं आहे, कैरो दिलं आहे, एकदा सबंध हिंदुस्थान देऊन टाकला होता.

होझाचं पहिलं: काळी आई आगीवर बसली, पोटातली पोरं नाचायला लागली. मी म्हटलं, हंडीतला घेवडा. सेचोंगेचं मी अर्ध्यावरच ओळखलं. मला स्वतःचं कौतुक वाटायला लागलं होतं. तेवढ्यात होझा म्हणाली: पांढऱ्या शेळ्या डोंगर चढल्या, गुराखी नव्हता, उतरताना कुणी पाहिल्या नाहीत.

मी कापूस म्हटलं, कोबी म्हटलं, शेवटी खऱ्या शेळ्या म्हटलं. होझा गोड हसली. गाव द्या, मास्तर.

भांडं घेऊन बी न्यांगे समोर आल्या होत्या. बाईंना खूष करावं, दोन घास जास्त पडतील, या क्षुद्र हेतूने मी ऐटीत म्हटलं, घे, क्वेमझिता दिलं.

भांड्यातले माकांदे सांडले नाहीत. बाईंनी ते फार हळू खाली ठेवलं.

होझाने डोळे मिटले आणि सांगितलं: गेले. सगळ्यांनी मला या म्हटलं. एका म्हातारीने चुलीजवळची चटई दिली. एका बाईचं पोट मोठं होतं, तिने मला रताळं दिलं. बाहेर डोंगर एकटाच भिजत होता. मी त्याला म्हटलं, तू पण आत ये ना. तो आला.

मग म्हणाली, उत्तर: धुकं.

तिघांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. किनाऱ्याच्या माणसाला धुकं कुठून सुचणार! कल्पनाशक्तीबद्दल मी होझाला दहापैकी नऊ गुण दिले.


१२ एप्रिल, शनिवार

काल काही लिहिलं नाही.

क्वेमझितावर दरड कोसळली. गुरुवारी, दुपारी. काल सकाळी रेडिओने सांगितलं, आणि त्यालाही सांगायला जेमतेम अर्धं वाक्य पुरलं. बस येते तो रस्ता बऱ्याच ठिकाणी तुटला आहे. आता पायवाट तेवढी उरली. खालच्या घरांतली माणसं भिऊन दरीतल्या शाळेत राहायला गेली.

बी न्यांगे काल पायीच निघाल्या, आणि आज परत आल्या. अंगणात पाय धुतले, पदर खोचला, घेवडा निवडायला बसल्या. ओळखण्यासारखं काही राहिलेलं नाही म्हणाल्या. एक पत्रा दिसला, त्यावर त्यांच्या मुलाने लावलेला निळा रंग होता. मी शोकाचे चार शब्द बोललो. त्या ऐकून घेतल्यावर म्हणाल्या, मास्तर, नाव तुम्हीच घेतलंत ना?

मी म्हटलं, बाई, हा योगायोग आहे. या मोसमात दरडी कोसळतातच. माझा आवाज मला हवामानाच्या वृत्तासारखा ऐकू आला.

त्यांनी एक खडा निवडून बाजूला ठेवला.


१३ एप्रिल, रविवार

पाऊस.

मी होझाला विचारलं. तिने काही लपवलं नाही. लपवण्यासारखं त्यात तिला काही वाटतच नाही. म्हणाली, तुम्हीच तर दिलंत, मास्तर. दिलेलं परत मागतात का?

विचारलं, आणि कुणी दिलंच नाही तर? सेचोंगे म्हणाला, मग आम्ही आमचं आम्ही घेतो, जे माहीत असेल ते. फार कंटाळा आला तरी घेतो.

विचारलं, कोणतं माहीत आहे?

तुनूने माझं बोट धरलं. म्हणाली, भरतीला उंबरठा ओला होतो.

थोड्या वेळाने होझा आपणहून सांगत बसली. त्यांचे बाबा बाजाराला गेले होते. पाऊस होता. आईला कोडं सुटेना, तिला वाटलं खेळ आहे, तिने तोंडाला आलं ते गाव दिलं. बाबा तिथेच गेले होते. मग आई नुसती रडत बसायची. मग ती फार कंटाळवाणी झाली, असं म्हणून होझाने नखातली माती काढली.


१४ एप्रिल, सोमवार

पळून जाता येत नाही. मी पायवाटेला लागलो की यांना रमवायला कोणी उरणार नाही, आणि यांना एकच गाव माहीत आहे. ते मीच यांच्या चहात विरघळवून दिलं.

माझा फोन छपराच्या पाण्याने मेला आहे. बी न्यांगेंचा मागून घेतला आणि गोठ्यात जाऊन झुहुराला लावला. म्हटलं, आजच्या आज घर सोड. मावशीकडे जा. कुठे ते बोलू नकोस, गावाचं नाव उच्चारूसुद्धा नकोस. ती हसली: बाबा, ऊन लागलंय का डोंगरावर? मग हसायची थांबली. तुमचा आवाज असा काय येतोय? ताप आहे का? कोणी त्रास देतंय का? मी म्हटलं, प्रश्न नकोत, बाळाला बांध पाठीशी आणि नीघ. पोहोचलीस की याच फोनवर कळव, बी न्यांगे मला निरोप देतील.

फोन परत केला. बाईंनी पदराने पुसून तो कमरेला खोचला. लेक का, म्हणाल्या. मी हो म्हटलं. बाळ पण आहे ना, म्हणाल्या. मी हो म्हटलं.

बी सिकुधानींनाही लावला होता. त्यांनी एवढंच विचारलं, कंटाळली तर नाहीत ना? आणि ठेवून दिला.

दिवसभर कोडी. एकही चुकू दिलं नाही. चूल, सावली, शिंक, मधमाशीचं पोळं, स्वतःची पाठ. ज्या विद्येने आयुष्यात चहाचीही सोय झाली नाही तिने आज एक गाव जगवलं. घसा बसला आहे.


१६ एप्रिल, बुधवार

काल चुकलो.

पण तयारीत होतो. बी न्यांगेंचे डोळे टाळत मी एक मेलेलं गाव दिलं. लहानपणी वडिलांबरोबर पाहिलेलं, समुद्रकाठी, पिढ्यान् पिढ्या ओसाड, नुसत्या पोवळ्याच्या दगडाच्या कबरी आणि एक पडकी मशीद. तिथे मारायला कोणी नाही. आपल्या चातुर्यावर मी मनात खूष झालो, हेही लिहून ठेवतो.

होझाने डोळे मिटले. या वेळी तिला वेळ लागला. मग म्हणाली, गेले. तिथे सगळे घरीच होते, मास्तर. कोणी कधीचं विचारलंच नव्हतं त्यांना. मी म्हटलं, चला.

आज ओसरीत समुद्राचा वास आहे. डोंगरावर. सकाळपासून जमिनीवर पाण्याची थारोळी, वर छप्पर कोरडं. तुनूने बोट बुडवून चाखलं, खारट म्हणाली. जेवताना तिने जास्तीची पानं मांडली आणि प्रत्येकावर उगालीचा, म्हणजे मक्याच्या पिठाच्या घट्ट लापशीचा, गोळा ठेवला.

बी न्यांगे फोनवर बोलताना दिसल्या, पाठमोऱ्या. मी धावत गेलो. लेकीचा का? म्हणाल्या, नाही हो, चुकीचा नंबर.


१७ एप्रिल, गुरुवार

जिंकलो!

सुचलं कसं नाही आधी, मलाही कोडं घालता येतं. यांनी समुद्र पाहिलेला नाही. म्हटलं, कोडं. घाल, होझा म्हणाली. म्हटलं: रोज दोनदा घर सोडतो, रोज दोनदा परततो, कधी कोणाकडे मुक्काम नाही.

होझाने विचार केला. सेचोंगेने चटई उलटी करून पाहिली. मग अंदाज केले: शाळकरी मुलगा, बकरी. मी म्हटलं, नाही. म्हटलं, गाव दे, होझा.

तिने लगेच दिलं. हसत. पांगानी दिलं, मास्तर, घ्या.

मी डोळे मिटले, आणि नियमाप्रमाणे सांगितलं: गेलो. नदी शांत होती. लेकीने चहा दिला. बाळाने माझं बोट धरलं. मी परत आलो. उत्तर: भरती-ओहोटीचा समुद्र.

सेचोंगे म्हणाला, इतकी भिकार गोष्ट मी जन्मात ऐकली नाही. मी ओक्साबोक्शी रडलो, आणि मुलं खूप हसली; निदान तेवढा वेळ त्यांचा बरा गेला. पांगानी आता माझी आहे. कोणी घेऊ शकत नाही.

पण इतक्या सहज का दिली?

बी न्यांगेंना विचारलं, निरोप? भांडं खरवडत म्हणाल्या, नाही.


१८ एप्रिल. सकाळ

तुनू कानात म्हणाली, मावशीचं गाव कुठलं? तिने गोठ्याच्या फटीतून ऐकलं होतं. मी म्हटलं, मला ठाऊक नाही. ती म्हणाली, असू दे. आम्ही शोधू. पाऊस आहे ना, वेळच वेळ आहे.

मग ठरवलं. आज मी उत्तर देणारच नाही. गाव मागितलं की हेच देईन. किशेवा. घर, डोंगर, ही तीन भादरलेली डोकी आणि मी. खाली कोणी राहिलेलं नाही. लेक लांब आहे, सुखरूप. खेळ संपेल.

बी न्यांगेंना म्हटलं, बाई, तुम्ही उतरा. आत्ता. म्हणाल्या, कुठे जाऊ? ते दिलंत ना तुम्ही.


दुपार. कंदील लावला आहे

सगळी बसली आहेत. तुनूने जास्तीच्या चटया घातल्या आहेत. त्या दबलेल्या दिसतात — ओल्या —

लिहीत राहिलो की तोंड बंद राहतं, म्हणून लिहितो आहे. होझा चालेल म्हणाली.

कोडं.

घाल.

पळ म्हटलं की जवळ येते. लांब पाठवली की दार वाजवते.

गप्प बसायचं ठरवलं होतं. तरी सवयीने मन शोधतंच आहे — सावली? माशी? भूक? बोललो नाही. होझा वाट पाहते आहे. सेचोंगे हसू दाबतो आहे. बी न्यांगे आत आल्या, हात पुसत. कधी बसत नाहीत, आज बसल्या.

गाव द्या, मास्तर.

दिलं. किशेवा दिलं.

कोणी टाळी वाजवली नाही. होझाने माझ्याकडे पाहिलं — पहिल्यांदाच अकरा वर्षांची दिसली. मग डोळे मिटले.

गेले, म्हणते. पायवाटेने वर चालले आहे. खूप चिखल आहे. माझ्या पुढे एक बाई चालली आहे. दमली आहे. पाठीशी बाळ बांधलं आहे, वरून प्लास्टिक —

नाही.

बी न्यांगे म्हणतात, मास्तर, निरोप होता एक. परवाचा. द्यायचा राहिला. मावशीकडे नाही जात म्हणाली. बाबांचा आवाज बरा नव्हता, त्यांच्याकडेच येते. मी म्हटलं, ये हो, ये, वाट बघतायत.

त्या शांत आहेत. घेवडा निवडताना होत्या तशा —

मी ओरडलो पांगानी घे. माझी आहे, मी जिंकलीय, घे, सगळी घे, नदीसकट, माणसांसकट, प्रत्येक घर घे, हे परत दे —

दिलेलं परत मागतात का, मास्तर. तिघं एकदम.

होझाचे डोळे मिटलेलेच. बाई अंगणात आली, म्हणते. बाळ उठलंय. मागे डोंगर एकटाच भिजतोय —

दार वाजलं.

बाबा, म्हणाली. बाहेरून. बाबा, उघडा, भिजलोय आम्ही —

तुनू उघडायला धावली. भांडी हलताहेत फळीवर. घराच्या मागे काहीतरी कूस बदलतं —

होझा म्हणते, उत्तर सांगू, मास्तर? उत्तर: ले